उतरायची जागा आणि परतीची गाडी

आज मसाल्याचं पॅकिंग नाही की कर्जाचे हप्ते नाहीत. आज मी बोलणार आहे मोठमोठ्या करमणूक उद्यानांबद्दल. त्यातही आतले पाळणे बाजूला ठेवू आणि फाटकाबाहेरच्या जागेबद्दल बोलू. आपण गाडीतून उतरतो, आधी पोरं मोजतो, मग पिशव्या मोजतो आणि समोरच्याला विचारतो, "आता खंय जावचा?" ती जागा.

तुम्ही म्हणाल, हिला आज झालंय काय? मसुऱ्यात कुठे आलंय करमणूक उद्यान? नाही आलं. पण आपल्या मसुऱ्याच्याच आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते आणि दीड दिवसात तिथे लाखोंनी माणूस येतं. एरवी रिकाम्या असलेल्या मळ्यांत त्या दिवशी वाहनतळ होतो, यष्टीचा स्टँड होतो, बाजार होतो. करमणूक उद्यान बांधणाऱ्यांना हाच प्रश्न वर्षाचे ३६५ दिवस सोडवायचा असतो. एवढी माणसं उतरवायची कुठे, आत सोडायची कशी आणि रात्री घरी पाठवायची कशी? त्यांनी त्यावर ७० वर्षं डोकं चालवलंय, पैसा ओतलाय, चुकाही केल्यात. त्यातलं आपल्या कामाचं काय आहे, ते बघू.

मी सातवीत असताना मुंबईच्या मामाने मला एस्सेलवर्ल्डला नेलं होतं. गोराईला हे उद्यान १९८९ साली सुरू झालं, त्याला लागूनच वॉटर किंगडम १९९८ साली. तिथे जायचं तर खाडी ओलांडायची. बोरिवलीच्या बाजूने गोराई खाडीवरून बोट, नाहीतर मालाडच्या मार्वेवरून. रस्त्याने जायचं तर भाईंदरवरून लांबचा वळसा. खरं सांगू, आतले पाळणे मला आता धड आठवत नाहीत. बोट आठवते. मागे मुंबईच्या इमारती, पुढे कांदळवन, आणि मामा सांगतोय, "हात बाहेर काढू नको गो." बोटीत पाय ठेवला तेव्हाच माझी सहल सुरू झाली होती, तिकीट अजून फाडलंही नव्हतं. माझ्या आजेसासूबाई गड नदी होडीने तरून माहेरी जायच्या. त्याही हेच सांगतात की होडीत बसलं की माहेर आलंच.

संध्याकाळी मात्र तोच धक्का वेगळा वाटला. सकाळी माणसं आपापल्या सोयीने आली होती, कुणी दहाला, कुणी बाराला. परतताना सगळ्यांचं एकच घड्याळ. मामीच्या कडेवर भाऊ झोपलेला, माझे कपडे ओले, आणि पुढे डोकीच डोकी. येणं सावकाश होतं, जाणं एकदम होतं. गर्दीच्या कुठल्याही जागेचं मूळ दुखणं हे आहे, आणि नियोजन करणारे बहुतेक वेळा येण्याचंच करतात.

आपण गटाच्या वहीत हिशेब मांडतो तसा हा मांडून बघू. समजा रात्री १०,००० माणसांना यष्टीने परतायचंय. एका गाडीत ५० धरली तर २०० गाड्या लागतील. गाड्या आहेत असंही धरू. पण गाडी लागायला जागा एकच. माणसं चढायची, वाहकाने घंटी द्यायची, गाडी हलायची, याला ३ मिनिटं म्हटली तर तासाला २० गाड्या सुटतील आणि १,००० माणसं जातील. म्हणजे शेवटची बाई १० तासांनी गाडीत बसेल! आता गाडी लागायच्या जागा ५ करा. तेच काम २ तासांत होतं. गाड्या वाढल्या नाहीत, चालक वाढले नाहीत, फक्त जमीन नीट आखली. अर्थात पुढचा रस्ताही तासाला १०० गाड्या घेणारा हवा. आपल्या अरुंद रस्त्यावर समोरून एक जीप आडवी आली की वहीतला हिशेब वहीतच राहतो. म्हणून एकेरी वाहतूक करतात. पोलीस लांबचा रस्ता दाखवतात तेव्हा आपण चरफडतो, पण त्याचं कारण हे आहे.

गाडी लागण्यावरून आठवलं. आपल्या यष्टी स्टँडवर गाडी तोंड फलाटाला लावून उभी राहते. निघताना मागे घ्यावी लागते, वाहक पाठीमागे उभा राहून शिट्टी वाजवतो, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी पोराला घेऊन गाडीच्या मागून पळतं. मोठ्या उद्यानांत फलाटाची कड करवतीच्या दातांसारखी कापलेली असते. गाडी तिरकी आत शिरते, दार फलाटाला लागतं आणि पुढच्या गाडीसाठी न थांबता ती तशीच तिरकी पुढे निघून जाते. मागे घेणं नाहीच. जत्रेच्या तात्पुरत्या स्टँडला सिमेंटचे दात कोण करणार? पण चुन्याची तिरकी रेघ मारायला आणि दोन बांबू रोवायला खर्च किती येतो?

आता जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. वॉल्ट डिस्ने या चित्रपटवाल्याने अमेरिकेत कॅलिफोर्नियात डिस्नेलँड काढलं, १७ जुलै १९५५ ला. पहिल्याच दिवशी फजिती झाली. खोट्या आमंत्रणपत्रिका निघाल्या, बोलावल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं आली आणि महामार्ग तुंबला. पुढे आणखी एक गोष्ट डिस्नेच्या मनाला लागली. फाटकासमोरच मोटारींचा भला मोठा तळ होता आणि सभोवती दुसऱ्यांच्या जमिनीवर लॉज आणि दुकानं उठली होती. म्हणून फ्लोरिडात दुसरं उद्यान काढायचं ठरलं तेव्हा त्याच्या कंपनीने २७,००० एकरांहून जास्त जमीन आधीच घेऊन टाकली. डिस्ने १९६६ साली वारला, उद्यान १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं.

तिथे केलंय काय, ते नीट ऐका. मोटार फाटकाजवळ येऊच देत नाहीत. ती दूर तळावर लावायची. तिथून डब्या-डब्यांची उघडी गाडी तुम्हाला एका ठाण्यावर आणून सोडते. पूर्वी तिकीट तिथेच काढायचं. समोर मोठं तळं. त्याच्या पलीकडे, मैलभरावर, राजवाडा दिसतो. आता एकतर एका रुळावर चालणाऱ्या उंच आगगाडीने तळ्याला वळसा घालून जा, नाहीतर बोटीने. बोटीत एका वेळी सुमारे ६०० माणसं मावतात. यात दिसायला शोभा आहे, पण आत हिशेबही आहे. फाटकावर लोंढा येत नाही, बोटीबोटीने माणूस येतं. एक बोट रिकामी झाली, तिकीट तपासणाऱ्यांनी ती माणसं आत घेतली, तोवर दुसरी बोट. जत्रेत दर्शनाच्या रांगेला टप्प्याटप्प्यावर दोरी लावून पन्नास-पन्नास माणसं सोडतात, तेच हे. फरक एवढाच की तिथे थांबलेल्या माणसाला आपण थांबलोय असं वाटत नाही, कारण तो बोटीत बसून वारा खात असतो.

पण म्हणून सगळं गोड मानू नका. रात्री आतषबाजी संपली की झोपलेलं पोर खांद्यावर टाकून पुन्हा बोट, पुन्हा उघडी गाडी, पुन्हा तळ. आणि कंपनीच्याच हॉटेलात जे उतरलेत, त्यांच्या बसगाड्या थेट फाटकापाशी जातात. जास्त पैसा, कमी चालणं. आपल्याकडे जत्रेला बड्या मंडळींच्या किती गाड्या देवळाजवळ जातात, ते तुम्ही बघताच. मी जास्त बोलत नाही.

या मोटारतळाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तळाच्या भागांना अ, ब, क किंवा आकडे दिलेले नाहीत, कार्टूनमधल्या पात्रांची नावं दिली आहेत. आकडा माणूस विसरतं, चित्र विसरत नाही. तरीही कुणी विसरलंच, तर कर्मचारी एकच प्रश्न विचारतात: तुम्ही सकाळी किती वाजता आलात? गाड्या एका रांगेमागून दुसरी, अशा क्रमाने लावून घेतलेल्या असतात आणि कुठली रांग किती वाजता भरली याची नोंद असते. वेळ सांगितली की रांग सापडते. याला संगणक लागत नाही. एक वही, एक पेन आणि मनगटावरचं घड्याळ पुरतं. वही ठेवायचं काम तर आपल्याइतकं चांगलं कुणाला येतं?

हे मला का आवडलं, ते सांगते. माझ्या चुलत सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. एका जत्रेला दर्शन घेऊन त्या आल्या त्या बाजूने बाहेर न पडता दुसऱ्याच बाजूला गेल्या. मालवणकडच्या, कणकवलीकडच्या आणि मसुऱ्याकडच्या गाड्या वेगवेगळ्या बाजूंना लागतात, आणि रात्री दिव्यांच्या झगमगाटात सगळ्या बाजू सारख्याच दिसतात. एवढ्या गर्दीत मोबाईलला रेंज राहत नाही. दीड तासाने त्या सापडल्या, एका खाज्याच्या दुकानाच्या फळीवर बसलेल्या. म्हणाल्या, "देवीन दर्शन दिल्यान, पण आमची गाडी काय गावूक नाय." आम्ही हसलो, मग रडलो. त्यांना वाचता येत नाही. पाटीवर कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, तरी त्यांच्यासाठी ती कोरीच.

मग उपाय काय? आत जायची आणि बाहेर यायची वाट एकच ठेवायची का? नाही. गर्दीत ते जिवावर बेततं. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळच्या मांढरदेवीला काय झालं, ते आपल्यातल्या अनेकींना आठवत असेल. चढाची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जागी. चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली आणि २५० हून जास्त भाविक गेले. म्हणून वाटा वेगळ्याच हव्यात. पण बाहेर पडणारी वाट जिथे सुटते, तिथे पहिल्याच वळणावर "तुझी गाडी इकडे" हे सांगणारं काहीतरी हवं, आणि ते न वाचता कळणारं हवं.

या बाबतीत आपल्या यष्टीकडूनही शिकण्यासारखं आहे. आषाढीला पंढरपुरात महामंडळ चार तात्पुरती बसस्थानकं उभारतं: चंद्रभागा, भीमा, पांडुरंग आणि विठ्ठल कारखाना. कुठल्या जिल्ह्याच्या गाड्या कुठल्या स्थानकावरून सुटणार, हे आधीच ठरवून जाहीर केलेलं असतं. ज्या दिशेचं गाव, त्या दिशेचं स्थानक. त्यामुळे गाड्यांना शहरातून आडवं जावं लागत नाही. आणि नावं कशी, वारकऱ्याच्या तोंडी आधीच असलेली! डिस्नेला कार्टून लागलं, आपल्याला पांडुरंग पुरला.

रेल्वेचंही थोडं सांगते. जपानमधलं टोकियो डिस्नेलँड १९८३ साली उघडलं, पण जवळचं मायहामा स्टेशन सुरू व्हायला १९८८ उजाडलं. तोवर लोकांना रेल्वे सोडून पुढे बस धरावी लागायची. त्यातून बाकीचे शहाणे झाले. पॅरिसजवळचं उद्यान १९९२ साली उघडलं तेव्हा लोकल गाडी फाटकाजवळ आधीच येऊन थांबली होती. हाँगकाँगला २००५ साली तर उद्यानासाठी खास फाटा काढला आणि डब्यांच्या खिडक्यांना मिकी उंदराच्या तोंडाचा आकार दिला. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका उघडलं. मुंबईची लोकल खोपोलीपर्यंत जाते, पुढचे काही किलोमीटर मात्र दुसरी गाडी बघावी लागते. आंगणेवाडीचंही तसंच. जत्रेला मुंबईहून जादा रेल्वे सुटतात, त्या कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळला सोडतात, आणि पुढचा सगळा भार यष्टी आणि रिक्षांवर. मुंबईहून इथवर येणं सोपं झालंय. हाल होतात ते या शेवटच्या टप्प्यात, आणि हातात लेकरू, डोक्यावर पिशवी असलेल्या बाईचे सगळ्यात जास्त. मार्च २०२३ पासून यष्टीत आपल्याला अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाडीत बायका किती दिसतात ते बघा. तेव्हा गाडी कुठे लागते, तिथे उजेड आहे का, बसायला बाक आहे का, हा आता आपलाच विषय आहे.

आता धंद्याकडे येते, कारण तुम्ही त्याचीच वाट बघत असाल.

दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याबाहेरच्या एका महोत्सवात आमच्या गटाला स्टॉल मिळाला. मांडव छान, दिवे छान, मागे पंखासुद्धा. आम्ही ४० किलो खाजं नेलं होतं, शिवाय कोकम, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ. तीन दिवसांनी २६ किलो खाजं परत घेऊन आलो. कारण काय, तर गाड्या एका टोकाला उतरवत होते, माणसं तिथून सरळ रंगमंचाकडे जायची आणि कार्यक्रम संपला की पाठीमागच्या वाटेने थेट गाडीत. आमची रांग तिसऱ्या बाजूला. आमच्यासमोरून जायला कुणाला कारणच नव्हतं. आयोजकांनी वाईट हेतूने केलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी मांडव आखला, माणसाची वाट आखली नाही. तोटा मात्र आमच्या अकरा जणींच्या वाट्याला आला.

डिस्नेवाल्यांकडे बघा. आत शिरल्यावर एकच मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि परत येताना तोच रस्ता. त्यातलं सगळ्यात मोठं दुकान फाटकाकडच्या टोकाला, आणि बाहेर पडणाऱ्याच्या उजव्या हाताला. अमेरिकेत माणसं उजवीकडून चालतात. आपण डावीकडून चालतो, म्हणजे आपली जागा बाहेर पडणाऱ्याच्या डाव्या हाताला. सकाळी येणारा माणूस काही घेत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. त्याला आत जायची घाई असते आणि घेतलेलं दिवसभर वागवायचं कुठे? जत्रेतही तेच. जाताना हातात ओटी असते, डोक्यात दर्शन असतं. दर्शन झालं की माणूस मोकळा होतो, मग त्याला आठवतं की शेजारणीने खाजं सांगितलंय. तेव्हा जागेचा अर्ज करताना "देवळाच्या जवळ द्या" असं लिहू नका. परतीच्या वाटेवर, गाडीच्या रांगेच्या अलीकडे द्या, असं लिहा. गाडीला अर्धा तास असलेला माणूस हा सगळ्यात चांगला गिऱ्हाईक.

आणि एक गोष्ट, जी बोलायला लाज वाटते आणि म्हणूनच कुणी बोलत नाही. शौचालय. दोन-तीन तास गाडीत बसून आलेल्या माणसाला उतरल्याबरोबर काय लागतं, हे उद्यानवाल्यांनी ओळखलंय. म्हणून फाटकाच्या अलीकडे एक आणि आत शिरल्याबरोबर एक अशी सोय असते. आपल्याकडे ती बहुतेक ठिकाणी लांबच्या काळोख्या कोपऱ्यात असते, जिथे बाई एकटी जात नाही. स्टॉलवर बारा-चौदा तास उभ्या राहणाऱ्या आपल्या बायका दुपारपासून पाणीच पीत नाहीत. नंतरची दुखणी आपण जाणतोच. गाडीच्या रांगेपासून दिसेल अशा जागी, दिव्याखाली सोय, हे मागण्यात लाजायचं काय?

गेल्या महिन्यात आम्ही पाच जणींनी एक उद्योग केला. वाहनतळ होतो त्या एका मळ्यापासून देवळापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मला जायला ११ मिनिटं लागली. सोबतच्या काकींना २५. वाटेत तीनदा त्या बसल्या, आणि जिथे जिथे बसल्या तिथे आम्ही कागदावर फुली मारली. बाक तिथेच हवेत, दुसरीकडे नकोत. असा एक नकाशा आमच्याकडे तयार झालाय. शाळेच्या वहीतलं पान आहे, पण त्यात दिवा कुठे हवा, पाणी कुठे हवं आणि कुठल्या वळणावर माणूस चुकतं ते सगळं आहे. जत्रेआधी सरकारी खाती, यष्टी आणि पोलीस यांच्या नियोजनाच्या बैठका होतात. त्याआधी हा कागद ग्रामपंचायतीकडे द्यायचा असं आम्ही ठरवलंय. तुमच्या गावची जत्रा, उरूस, आठवड्याचा बाजार असेल तर तुम्हीही चालून बघा. सोबत सगळ्यात हळू चालणारी बाई न्या आणि घड्याळ तिचं धरा.

वाहनतळांच्या पाट्यांचंही ठरलंय. अक्षरं खाली, वर मोठं चित्र. बांगडा, सुरमई, पापलेट आणि कोळंबी. आमच्या चुलत सासूबाईंना विचारलं, "आई, गाडी खंय लावली?" तर त्या पटकन म्हणाल्या, "सुरमईत." भराडीदेवीच्या जत्रेची तारीख काही पंचांगात नसते, ती कौल घेऊन ठरते. त्यामुळे पाट्या आधीच रंगवून ठेवायच्या आहेत. पत्रे मिळालेत, रंग मिळालाय. पापलेट कुणालाही काढता येतं. कोळंबीचे पाय कोण काढणार, यावर मात्र येत्या शनिवारच्या बैठकीत भांडण होणार आहे.